पाणी एकदम उपसू नका

छातीत पाणी झालेल्या रुग्णाचे नातेवाईक हमखास विनंती करतात, “डॉक्टर, एकदाच सगळे पाणी काढून टाका, मोकळा होऊ दे बिचारा.” क्षयरोगात फुप्फुसाभोवती कधी कधी दोन-तीन लिटर पाणी साचते. आम्ही मात्र एका वेळी साधारण दीड लिटर काढून थांबतो. घरच्यांना हा चेंगटपणा वाटतो. अशा वेळी मला इंग्लंडमधल्या एका चर्चची डागडुजी आठवते.

विंचेस्टरच्या कॅथेड्रलचे बांधकाम १०७९ मध्ये सुरू झाले. पूर्वेकडचा भाग तेराव्या शतकात वाढवला गेला, तोही दलदलीवर. पायाखाली बीच वृक्षाचे ओंडके आडवे अंथरलेले होते. सातशे वर्षांत ते दबत गेले. १९०५ पर्यंत भिंती कलल्या, मोठमोठ्या भेगा पडल्या. इमारत कोसळणार अशी चिन्हे दिसू लागली. अभियंता फ्रान्सिस फॉक्स यांना बोलावण्यात आले. त्यांनी खड्डा खणून पाहिला. खाली पीटचा, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींचा स्पंजासारखा थर होता आणि त्याच्याखाली घट्ट वाळू-गोट्यांची जमीन. नवा पाया तिथवर न्यायला हवा होता. पण पीटचा थर फोडला की खड्ड्यात भसाभस पाणी यायचे. पंपाने उपसावे, तर पाण्याबरोबर भिंतीखालची मातीही निघून येण्याचा धोका. म्हणजे दुरुस्तीच इमारत पाडणार!

फॉक्स यांनी पाणी तसेच राहू दिले आणि त्यात पाणबुड्या उतरवला. त्याचे नाव विल्यम वॉकर. १९०६ ते १९११ अशी पाच-सहा वर्षे तो भिंतीखालच्या पाण्यात काम करत होता. भिंतीला धक्का बसू नये म्हणून एका वेळी थोडाच भाग उघडायचा. असे एकूण २३५ खड्डे झाले. पाणी इतके गढूळ की खाली दिव्याचाही उपयोग नाही. सारे काम हाताच्या स्पर्शावर. उरलेला पीट काढायचा, तळाशी काँक्रीटची पोती रचायची, ती फाडायची आणि पाण्यातच घट्ट होऊ द्यायची. तळ असा बंद झाला की मग पंप लावायचा आणि कोरड्या खड्ड्यात गवंडी उतरायचे. सुमारे २५ हजार पोती, एक लाखाहून जास्त काँक्रीटचे ठोकळे आणि नऊ लाख विटा लागल्या.

डॉक्टर म्हणून माझे लक्ष वॉकरच्या शरीराकडे जाते. पोशाखाचे वजन जवळपास ९० किलो. खोली सहा मीटर, म्हणजे हवेचा दाब नेहमीच्या सुमारे १.६ पट. त्याच्या आधी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाच्या पायासाठी दाबाखालच्या हवेत काम करणारे कितीतरी मजूर वर आल्यावर सांध्यांच्या वेदनांनी तळमळले होते. मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोबलिंग तर कायमचा अधू झाला. दाबाखाली रक्तात विरघळलेला नायट्रोजन, दाब झटकन उतरला की बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडतो. वॉकर पाण्यात उतरत होता त्याच काळात, १९०८ मध्ये, जे. एस. हाल्डेन यांनी बोकडांवर प्रयोग करून दाखवले, की दाब निम्म्यापर्यंत उतरला तरी सहसा इजा होत नाही. म्हणजे दहा मीटरपर्यंत भीती कमी. वॉकर या मर्यादेच्या आतच होता.

आता आपल्या रुग्णाकडे येऊ. उपमा फार ताणू नये. छातीतले पाणी काही फुप्फुसाला आधार देत नाही. पण आठवडेच्या आठवडे दबून राहिलेले फुप्फुस एकदम फुगले, तर त्यातल्या नाजूक रक्तवाहिन्या पाझरू लागतात. बाहेरचे पाणी निघते आणि फुप्फुसाच्या आतच पाणी भरते. असे क्वचितच होते, पण झाले तर जिवावर बेतू शकते. पाणी काढताना खोकल्याची ढास लागली किंवा छाती आवळल्यासारखी वाटली, तर लगेच सांगा. आम्ही सुई तिथेच थांबवतो. राहिलेले पाणी पुढच्या खेपेला काढता येते, आणि औषधे चालू असली की बरेचसे आपोआप जिरते.

पोटात घुसलेला चाकू किंवा अपघातात शिरलेली सळई यांचे तर विंचेस्टरशी अगदी जवळचे नाते. ती वस्तू फाटलेल्या रक्तवाहिनीला बुचासारखी बसलेली असू शकते. ती रस्त्यावर उपटू नका. दोन्ही बाजूंनी कापडाच्या जाड घड्या लावून ती हलणार नाही असे करा आणि १०८ ला फोन लावा. ती शस्त्रक्रियागृहात, रक्ताची सोय झाल्यावरच काढायची असते. धीर न धरवल्याने मदत करणाऱ्यानेच ती ओढून काढल्याची उदाहरणे आमच्याकडे येतात.

वॉकरला राजाकडून सन्मान मिळाला. सहा वर्षे त्या काळ्या पाण्यात तगलेला हा माणूस १९१८ च्या फ्लूच्या साथीत, पन्नाशीच्या आत गेला. पुढे १९६० च्या दशकात कॅथेड्रलमध्ये त्याचा पुतळा बसवला, तर त्यावर चेहरा निघाला फॉक्स यांचा! शिल्पकाराने छायाचित्रातला माणूस चुकीचा निवडला होता. खऱ्या चेहऱ्याचा पुतळा २००१ मध्ये आला.