गावाचा उमेदवार

पेण तालुक्यातील गागोदे बुद्रुक हे गाव विनोबा भावे यांचे जन्मस्थान म्हणून महाराष्ट्रास ठाऊक आहे. ११ सप्टेंबर १८९५ रोजी तेथे जन्मलेल्या या पुरुषाने आयुष्यात एकही निवडणूक लढविली नाही. तरीसुद्धा ग्रामपंचायतीस कोणी उभे राहावे आणि कोणत्या वृत्तीने राहावे, याचा विचार करणारास त्यांना वगळून पुढे जाता येत नाही.

लहानपणच्या फणसाची गोष्ट विनोबा सांगत असत. झाडाचे फळ उतरले की त्यांची आई रुक्मिणीबाई पहिला वाटा शेजारीपाजारी धाडी. घरच्या मुलांचा क्रम मागाहून लागे. जो देतो तो देव आणि जो राखतो तो राक्षस, ही त्या माउलीची शिकवण होती. पुढे १९५१ मध्ये पोचमपल्लीस भूदानाचा आरंभ झाला आणि त्यातूनच ग्रामदानाची कल्पना निघाली. तिच्या मुळाशी हीच शिकवण असावी, असे मानण्यास हरकत नाही.

ग्रामदानी गावाने आपला कारभार सर्वसंमतीने चालवावा, हा विनोबांचा आग्रह होता. पाचामुखी परमेश्वर ही आपल्याकडील जुनी श्रद्धा. परंतु मतमोजणी आली आणि पाचांपैकी तिघे बोलले तरी परमेश्वर बोलला असे ठरू लागले. उरलेल्या दोघांचे काय, हा त्यांचा प्रश्न होता. शहरात निवडणूक संपली की हरलेला व जिंकलेला आपापल्या बिऱ्हाडी जातात. खेड्यात दोघांचा बांध एक असतो, पाणवठा एक असतो आणि वैर नातवंडांपर्यंत पोहोचते.

मग बिनविरोध निवड हाच उपाय म्हणावा काय? येथे सावध राहिले पाहिजे. जानेवारी २०२१ मध्ये नाशिक जिल्ह्यातील उमराणे व नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी या दोन गावांच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोगाने रद्द केल्या. कारण पदांचा चक्क लिलाव झाल्याचे उघडकीस आले. बोलीची रक्कम देवालयाच्या कामी लागणार, असे समर्थन पुढे आले होते. देवाचे नाव घेतल्याने व्यवहाराचा रंग बदलत नाही. ज्या गावात गरिबास अर्ज भरण्याची छातीच होत नाही, तेथील एकमत हे संमती नसून मौन होय.

याच्या उलट उदाहरण अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातील हिवरे बाजारचे आहे. १९८९ मध्ये तेथील गावकऱ्यांनी पोपटराव पवार या पदवीधर तरुणास बिनविरोध सरपंच केले. पद हाती आल्यावर चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, नशाबंदी आणि श्रमदान यांचे नियम गावाने ग्रामसभेत स्वतःवर लादून घेतले. पावसाच्या पाण्याचा जमाखर्च मांडून त्याप्रमाणे पिके ठरविण्याची रीत पडली. सुमारे तीस वर्षांनी, २०२१ मध्ये, तेथे मतदानाचा प्रसंग आला. तेव्हा पवारांच्या गटाने सातही जागा जिंकल्या. जे एकमत मतपेटीस भीत नाही तेच खरे, असे यावरून म्हणता येईल.

कायद्याची बाजू थोडक्यात अशी. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाप्रमाणे पंचायतीत ७ ते १७ सदस्य असतात. उमेदवाराचे वय २१ पूर्ण हवे आणि नाव त्याच गावच्या मतदारयादीत हवे. मुंबईच्या बिऱ्हाडी राहून कोकणातल्या घराचा अभिमान बाळगणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. पंचायतीच्या कराची बाकी मागणीपत्र मिळाल्यावर तीन महिन्यांत न भरणारा, पंचायतीच्या ठेक्यात हितसंबंध असणारा, सरकारी जागेवर अतिक्रमण करणारा, हे सर्व अपात्र ठरतात. निकालानंतर ३० दिवसांत खर्चाचा हिशेब द्यावा लागतो. पक्षाच्या चिन्हावर ही निवडणूक होत नाही. तथापि पक्ष गावाबाहेर राहतात असे समजणे भोळेपणाचे ठरेल. २०११ पासून निम्म्या जागा स्त्रियांकरिता राखीव आहेत. निवडून आलेल्या बाईच्या खुर्चीवर तिचा नवरा बसल्याचे दृश्य मात्र अजूनही विरळ नाही.

गावाचे भले इच्छिणाऱ्या उमेदवाराची खरी कसोटी निवडणुकीच्या दिवशी लागत नाही. ती ग्रामसभेत लागते. वर्षातून किमान चार सभा भरवाव्या लागतात आणि त्यांच्या आधी स्त्रियांची सभा व्हावी लागते. एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी उपस्थिती पुरते. तेवढीही माणसे न जमल्यास सभा तहकूब होते आणि तहकूब सभेस गणपूर्तीची अटच नाही. ही पळवाट पुष्कळ सरपंचांना पाठ असते. रिकाम्या चावडीत ठराव संमत होतात, वहीवर सह्या घरोघर फिरून घेतल्या जातात आणि गटार कोणत्या आळीतून जावयाचे हे चारजण ठरवितात. उभे राहू इच्छिणाऱ्याने अर्ज भरण्यापूर्वी वर्षभर या सभांना जाऊन बसावे, जमाखर्चाची वही मागून पाहावी आणि पाड्यावरच्या माणसाने प्रश्न विचारला तर त्याचे उत्तर वहीत नोंदले जाते की नाही, इकडे लक्ष ठेवावे.