हैदराबादची वाट आणि रुमालाचा फास

मध्ये काही काळाचा खंड ठेवून, निरनिराळ्या प्रसंगी एकामागून एक माणसे मारणारा तो मालिका-खुनी होय. पूर्वी असे किमान तीन बळी धरीत. अमेरिकेतील एफबीआयने २००५ साली भरविलेल्या परिषदेत दोन पुरेसे मानले गेले. एकाच वेळी दहा जणांवर गोळ्या झाडणारा या व्याख्येत बसत नाही. संज्ञा अलीकडची असली, तरी प्रकार आपल्याकडे जुना आहे.

निजामाच्या फौजेतील अधिकारी फिलिप मेडोज टेलर याने ठगांचे जबाब ऐकून १८३९ साली 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' ही कादंबरी प्रसिद्ध केली. (हाच टेलर १८५३ नंतर नळदुर्ग जिल्ह्याचा कारभार पाहत होता.) ठग वाटसरूला गाठीत, गोड बोलून त्याची सोबत करीत आणि विश्वास बसला की ठरलेल्या जागी मुक्काम करीत. भुलविणारा सोठा, फास टाकणारा भुरतोट, खड्डा खणणारा लुगा, अशी कामाची वाटणी असे. म्होरक्या तंबाखूविषयी एखादे साधे वाक्य बोले, तोच इशारा! प्रेत जमिनीखाली जाई. प्रवाशाच्या घरी महिनोन्महिने कुणाला शंकाही येत नसे. पटकीने किंवा वाघाने नेला असेल, असे समजून ते रडत. शिवाय खून एका संस्थानच्या हद्दीत, ठगाचे घर दुसऱ्या हद्दीत. त्यामुळे सुटे सुटे खून कुणी एकत्र मांडलेच नाहीत. स्लीमनने माफीच्या साक्षीदारांचे जबाब परस्परांशी ताडून, ठगांच्या वंशावळी लिहून ते मांडले. १८३६ च्या कायद्याने ठगांच्या टोळीत असणे हाच जन्मठेपेचा गुन्हा ठरला. अर्थात त्यात निरपराधही अडकण्याचा धोका होता.

ठग भवानीचे नाव घेत; त्यांत हिंदू होते तसे मुसलमानही होते. देवीच्या नावाला इंग्रजांनी नको तितके महत्त्व दिले. खरा हेतू लूट हाच होता.

मुंबईच्या रामन राघवचे तसे नव्हते. उपनगरांतील झोपड्यांत आणि पदपथांवर निजलेल्या गरिबांची डोकी तो फोडी. तेथे लुटण्यासारखे ते काय असणार? त्याला स्किझोफ्रेनिया होता, असे डॉक्टरांना आढळले. १९६९ साली झालेली फाशीची शिक्षा १९८७ साली उच्च न्यायालयाने जन्मठेपेवर आणली; १९९५ साली पुण्याच्या ससून रुग्णालयात तो मरण पावला.

हेतू भिन्न, पण सावजाची निवड सारखीच: ज्याची चौकशी लगेच होणार नाही असा माणूस. राघव पहिल्या हत्यासत्राच्या वेळीही पोलिसांच्या हाती लागला होता, पण पुराव्याअभावी सुटला. पुन्हा पकडला गेला तो २७ ऑगस्ट १९६८ रोजी. दरम्यान आणखी झोपड्यांत माणसे मेली होती.