स्वप्नात धुकं नसतं

समजा, एखाद्या नवख्या दिग्दर्शकाला आपल्या थरारपटासाठी स्वप्नाचं दृश्य टिपायचं आहे. खिसा हलका, कॅमेरा भाड्याचा, नट मित्रमंडळींतले. गडी पुण्याचा असेल तर आषाढातल्या एखाद्या पहाटे तो कात्रजचा जुना घाट गाठेल. धुराचं यंत्र भाड्याने आणायला नको, डोंगरावर उतरलेलं धुकं फुकटचं. बोगद्याच्या काळ्या तोंडातून एक बाई सावकाश चालत येईल, तिच्या हाकेला प्रतिध्वनी जोडला जाईल, चौकटीच्या कडा पुसट केल्या जातील आणि थिएटरात बसलेला माणूस शेजाऱ्याला सांगेल, "स्वप्न चाललंय त्याचं."

त्याने ओळखलं, म्हणजे दृश्य फसलं. खरं स्वप्न आतून असं ओळखू येत नाही. वारलेले आजोबा ओट्यापाशी उभे राहून चहा गाळत असतात. घर आपलंच, पण खिडकीबाहेर शाळेचं मैदान. दहावीचा गणिताचा पेपर अर्ध्या तासावर आलेला आणि आपण चाळिशी उलटलेले असूनही घाबरून कंपासपेटी शोधत असतो. यात धूसर काहीच नसतं. आजोबांच्या स्वेटरची उसवलेली बाहीसुद्धा लख्ख दिसते. नसते ती शंका. आजोबा तर कधीच गेले ना, हा साधा प्रश्न जाग आल्यावरच पडतो.

कात्रजच्या घाटाला अशा फसवणुकीचा जुना अनुभव आहे. ५ एप्रिल १६६३ च्या रात्री लाल महालात शिरून शिवाजी महाराजांनी शायिस्ताखानाची बोटं तोडली. त्यानंतरची परंपरेने सांगितली जाणारी हकिगत अशी की, बैलांच्या शिंगांना पेटते पलिते बांधून त्यांना कात्रजच्या घाटाकडे हाकललं गेलं, मोगल त्या उजेडामागे धावले आणि महाराज भलत्याच वाटेने सिंहगडावर पोहोचले. एखाद्याला 'कात्रजचा घाट दाखवणं' आपण तेव्हापासून बोलतो. तपशिलांचा खल इतिहासकारांनी करावा. दृष्टीचा अभ्यास करणाऱ्याला यातली एक गोष्ट मात्र अगदी पटते: अंधारात हलणारे ठिपके दिसले की मेंदू त्यांना ठिपके म्हणून सोडून देत नाही, त्यांची माणसं करतो.

स्वीडनमधल्या उपसाला विद्यापीठात गुन्नर योहान्सन यांनी हे प्रयोगाने दाखवलं. त्यांचा १९७३ चा निबंध आजही वाचला जातो. त्यांनी एका माणसाच्या खांद्यांवर, कोपरांवर, मनगटांवर, गुडघ्यांवर, घोट्यांवर छोटे दिवे लावले आणि काळोखात त्याचं चित्रीकरण केलं. माणूस स्थिर असताना पाहणाऱ्याला नुसते विखुरलेले ठिपके दिसत. तो पाऊल टाकायचा अवकाश, सेकंद पुरा व्हायच्या आत सगळे म्हणत, कुणीतरी चालतंय. हात, पाय, धड यांतलं काहीही पडद्यावर नव्हतं. ते पाहणाऱ्याने घरून आणलं होतं.

मुळात पाहणं हाच मोठ्या प्रमाणात अंदाजाचा धंदा आहे. डोळ्यांकडून येणारा मजकूर अपुरा असतो आणि मेंदू अनुभवाच्या जोरावर गाळलेल्या जागा भरतो. सिनेमा याच सवयीवर पोट भरतो. सेकंदाला २४ स्थिर चित्रं दाखवायची आणि हालचाल प्रेक्षकाच्या डोक्यात होऊ द्यायची. झोपेत बाहेरून येणारा मजकूर जवळजवळ बंद होतो, पण अंदाज बांधणारा कारखाना सुटी घेत नाही. तो आठवणींचा माल वापरून काम चालू ठेवतो.

हे रात्रभर एकाच जोमाने होत नाही. शिकागो विद्यापीठात युजीन असेरिन्स्की हा विद्यार्थी आपल्या आठ वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांजवळ तारा चिकटवून रात्र-रात्र बसे. झोपलेल्या पोराचे डोळे मधूनच पापण्यांआड सैरावैरा धावतात, हे त्याला कागदावरच्या रेघांत दिसलं. मार्गदर्शक नॅथॅनियल क्लाइटमन यांच्यासह त्याने १९५३ मध्ये ते प्रसिद्ध केलं आणि 'रेम', म्हणजे डोळ्यांच्या जलद हालचालींच्या, झोपेचा शोध लागला. मोठ्या माणसात ही झोप साधारण दीड तासाच्या फेऱ्यांनी येते आणि पहाटेकडे लांबत जाते. स्वप्नं इतर वेळीही पडतात, पण लांबलचक, घटनांनी भरलेली स्वप्नं बहुतेक इथली. नव्वदच्या दशकात झोपलेल्या मेंदूतला रक्तप्रवाह मोजता येऊ लागला, तेव्हा याचं कारण थोडंफार उमगलं. रेम झोपेत भावनांशी, विशेषतः भीतीशी संबंधित अमिग्डालासारखे भाग जोरात असतात, दृश्यं जुळवणारे भागही कामात असतात. कपाळामागच्या प्रीफ्रंटल कॉर्टेक्सचा जो भाग जागेपणी हिशेब तपासतो, विसंगती पकडतो, तो मंदावलेला असतो. आजोबांचं चहा गाळणं खपून जातं ते त्यामुळे.

हे सगळं कळायच्या आधी एका बाईला ते कॅमेऱ्यामागून कळलं होतं. माया डेरेन आणि तिचा नवरा अलेक्झांडर हॅमिड यांनी १९४३ मध्ये लॉस एंजेलिसमधल्या आपल्याच घरात, कुठल्याही स्टुडिओशिवाय, 'मेशेस ऑफ द आफ्टरनून' हा चौदा मिनिटांचा मूकपट केला. स्वप्नावरच्या स्वतंत्र सिनेमाची चर्चा सुरू झाली की हे नाव निघतंच. त्यात धुकं नाही. कडक ऊन आहे, पावात खुपसलेली सुरी आहे, उचलून ठेवलेला फोन आहे. बाई जिभेवरून किल्ली काढते, ती तळहातावर ठेवते आणि त्या किल्लीची सुरी होते. बाई दचकत नाही, हीच त्यातली खरी मेख. दोनच वर्षांनी हिचकॉकने 'स्पेलबाउंड'साठी साल्वादोर दालीकडून स्वप्नाचा भव्य देखावा उभारून घेतला. तो देखणा आहे, पण स्वप्न म्हणून मला डेरेनचं स्वयंपाकघर अधिक खरं वाटतं.

शंका फक्त झोपेतच डुलकी घेते, असं समजू नये. १९१० मध्ये अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात मेरी चीव्ह्ज पर्की यांनी लोकांना एका पडद्याकडे पाहत केळं, पान अशा वस्तू मनात आणायला सांगितलं. त्यांना न सांगता पडद्यावर मागून त्याच वस्तूची अतिशय फिकट प्रतिमा टाकली जाई. लोक समोरची खरी प्रतिमा पाहून आपली कल्पनाशक्ती किती छान चालते, असं समजत. काहींना एवढंच नवल वाटलं की आपण आडवं केळं मनात आणलं होतं, हे उभं कसं झालं! लंडनमध्ये नादीन डाइक्स्ट्रा आणि स्टीफन फ्लेमिंग यांनी २०२३ मध्ये या प्रयोगाची नवी आवृत्ती प्रसिद्ध केली. त्यांचा निष्कर्ष असा की कल्पना आणि दृश्य यांचे संकेत मेंदूत एकमेकांत मिसळतात आणि एकूण जोर एका पातळीच्या वर गेला की मेंदू 'खरं आहे' असा शिक्का मारतो. म्हणजे कल्पना पुरेशी ठसठशीत असेल तर तीही या शिक्क्याची धनी होऊ शकते.

पुण्याचा सिनेमा या शिक्क्याच्या गफलतीकडे थराराशिवाय पाहू शकला, हे त्याचं श्रेय. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'देवराई' २००४ मध्ये आला. पुण्यातल्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनचा त्यामागे पुढाकार होता. अतुल कुलकर्णींचा शेष कोकणातल्या देवराईच्या ध्यासाने झपाटलेला आहे आणि हळूहळू त्याचा वास्तवाशी असलेला धागा सुटत जातो. सोनाली कुलकर्णींची सीना ही त्याची बहीण त्याच्या आजाराशी आणि स्वतःच्या संसाराशी एकाच वेळी झगडते. चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो पर्यावरण संवर्धनाच्या गटात! मला त्याची थोरवी दुसरीकडे दिसते. शेषला जे जाणवतं ते त्याच्यापुरतं पक्कं आहे, हे चित्रपट मान्य करतो आणि शेवटच्या रिळात प्रेक्षकाला धक्का देण्यासाठी त्या आजाराचा वापर करत नाही. मनोविकारावरचे थरारपट नेमकं तेच करतात. 'अ ब्युटिफुल माइंड'मध्ये गणितज्ञ जॉन नॅश यांना नसलेली माणसं दिसतात. प्रत्यक्षात नॅश यांना आवाज ऐकू येत. स्किझोफ्रेनियात भास बहुधा कानाचे असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात सुमारे तीनशे माणसांमागे एकाला हा आजार आहे, तेव्हा चुकीचं दाखवणं फुकट जात नाही.

हे आवाज येतात कुठून? एक मान्यवर उत्तर असं की ते रुग्णाचेच मनातले शब्द असतात, पण 'हे माझं' ही चिठ्ठी त्यांना लागायची राहते. स्वतःची कृती असेल तर मेंदू तिच्या परिणामाचा आधीच अंदाज घेतो आणि तो परिणाम बोथट करतो. म्हणून स्वतःच स्वतःला गुदगुल्या होत नाहीत. सारा-जेन ब्लेकमोर आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये दाखवलं की ज्यांना असे भास होत होते, त्या रुग्णांना स्वतःच्या हाताचा आणि दुसऱ्याच्या हाताचा स्पर्श जवळजवळ सारखाच लागत होता.

आता भारती विद्यापीठाच्या आसपास, कात्रज-धनकवडीच्या गल्ल्यांत खोली करून राहणाऱ्या मुलामुलींकडे येऊ. परीक्षेचे दिवस आहेत, तीन रात्री जागरण झालंय, पहाटे चार वाजता मुलगा उताणा झोपलाय. डोळे उघडतात. खोली जशीच्या तशी: छताचा पंखा, चार्जरचा हिरवा ठिपका, दोरीवरचा टॉवेल. पण बोटसुद्धा हलत नाही, छातीवर वजन आहे आणि दाराशी कुणीतरी उभं आहे. गावाकडे याला छातीवर भूत बसलं म्हणतात, आणि ज्याने हे भोगलंय त्याला त्या शब्दात अतिशयोक्ती वाटत नाही.

रेम झोपेत मेंदू स्नायूंची दोरी कापून ठेवतो, नाहीतर स्वप्नात पळताना आपण खाटेवरून खाली येऊ. फ्रान्समधल्या लिऑनमध्ये मिशेल झुव्हे यांनी मांजरांच्या मेंदूतला हा बंदोबस्त करणारा भाग निकामी केला, तेव्हा झोपलेली मांजरं उठून न दिसणाऱ्या शिकारीवर झडप घालू लागली. खोलीतल्या त्या मुलाला झालेल्या निद्रा-पक्षाघातात उलटं घडतं. जाणीव जागी होते, पण स्नायूंची बंदी उठायची राहते. श्वासाचा ताल आपल्या ताब्यात येत नाही म्हणून छाती दडपते. रेममधली भीती शिल्लक असते आणि मेंदू त्या भीतीला एक मालक शोधून देतो. दाराशी उभा असतो तो हा मालक. अनेक अभ्यास एकत्र करून काढलेल्या अंदाजानुसार शंभरातल्या सात-आठ जणांना आयुष्यात एकदा तरी याचा अनुभव येतो आणि विद्यार्थ्यांमध्ये प्रमाण बरंच जास्त आहे. झोपेच्या वेळा सांभाळल्या, कुशीवर झोपलं की तो सहसा कमी होतो. वारंवार होऊ लागला तर मांत्रिकाआधी डॉक्टर गाठावा.

स्वप्न आणि जागेपण यांच्या मधल्या पट्ट्याचा सगळ्यात महाग अनुभव मात्र खोलीत नाही, महामार्गावर येतो. साताऱ्याकडून रात्रभर गाडी हाकत आलेला चालक पहाटे नव्या कात्रज बोगद्यातून नवले पुलाच्या उतारावर येतो. तिथल्या अपघातांना तीव्र उतार आणि डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये सोडलेली गाडी ही कारणं आहेतच. पण याच वेळी शरीराचं घड्याळही झोपेच्या खोल भागात असतं. काही सेकंदांची सूक्ष्म झोप उघड्या डोळ्यांनीही लागते आणि लागली होती हे चालकाला कळतही नाही. ताशी ८० किलोमीटर वेगाने तीन सेकंदांत गाडी सुमारे ६७ मीटर पुढे गेलेली असते. गाणी लावून, काच खाली करून भागत नाही. गाडी बाजूला घेऊन वीस मिनिटं झोपणं एवढाच उपाय.

उलट दिशेची वाटही आहे: झोप चालू, पण शंका जागी. 'हे स्वप्न आहे' असं स्वप्नातच कळणारी माणसं असतात. रेममध्ये शरीर बांधलेलं असलं तरी डोळे मोकळे असतात, म्हणून ब्रिटनमध्ये कीथ हर्न यांनी १९७५ मध्ये अशा एका माणसाकडून ठरलेल्या खुणेने डोळे हलवून घेतले. २०२१ मध्ये अमेरिका, फ्रान्स, जर्मनी आणि नेदरलँड्स इथल्या चार प्रयोगशाळांनी पुढची पायरी गाठली. झोपलेल्यांना प्रश्न विचारले. 'आठ वजा सहा?' या प्रश्नाला एकाने डोळे दोनदा डावी-उजवीकडे फिरवून बरोबर उत्तर दिलं. एकूण १५८ प्रयत्नांपैकी १८.४ टक्के वेळा उत्तर बरोबर आलं. बहुतेक वेळा उत्तरच आलं नाही. जागं झाल्यावर काहींना विचारलेला हिशेब वेगळाच आठवत होता. प्रश्न कुठून ऐकू आला, हेही त्यांना विचारलं गेलं. काहींना तो स्वप्नाबाहेरून, निवेदकाच्या आवाजासारखा आला होता, आणि एकाला स्वप्नातल्या गाडीच्या रेडिओवरून.