शटरआडची हवा : गैरसमज आणि वस्तुस्थिती

नागपुरात घराच्या गॅरेजमध्ये थाटलेल्या वर्कशॉपला बहुधा एकच तोंड असते, समोरचे शटर. मागची भिंत कंपाउंडला लागलेली आणि वर टिनाचे पत्रे. अशा जागेत छताला पंखा टांगला की हवा खेळती झाली, हा सर्वांत पक्का गैरसमज. छताचा पंखा आतलीच हवा घुसळतो. घाम वाळतो म्हणून बरे वाटते, पण लाकडाची धूळ, थिनरची वाफ आणि वेल्डिंगचा धूर आतच राहतो. उलट, खाली बसू लागलेली बारीक धूळ पुन्हा नाकापर्यंत येते. हवा बदलायची तर तिला आत यायला एक वाट आणि बाहेर पडायला दुसरी वाट हवी, त्याही शक्यतो समोरासमोर.

एक्झॉस्ट फॅन लावणाऱ्यांचीही इथेच चूक होते. शटरच्या डोक्यावर बसवलेला फॅन शटरमधून आलेली ताजी हवाच ओढून बाहेर टाकतो. मागच्या कोपऱ्याला तिचा स्पर्शही होत नाही. फॅन मागच्या भिंतीत असावा आणि तो चालू असताना शटर हातभर तरी वर असावे. आकाराचा हिशेब सोपा आहे. १० बाय १८ फुटांच्या, १० फूट उंच गॅरेजमध्ये १८०० घनफूट, म्हणजे सुमारे ५१ घनमीटर हवा मावते. ती तासाला १० वेळा बदलायची तर फॅनने तासाला ५१० घनमीटर हवा फेकली पाहिजे. खोक्यावर छापलेला आकडा मोकळ्या हवेतला असतो. जाळी आणि झडप लागली की तो घटतो, म्हणून फॅन थोडा मोठाच घ्यावा.

कूलर लावल्यावर खिडक्या बंद ठेवाव्यात, ही एसीची सवय कूलरला लागू पडत नाही. खिडकीबाहेर बसवलेला कूलर ताट्यांतून बाहेरची हवा आत ढकलतो. तिला बाहेर पडायला वाट मिळाली तर उन्हाळ्यात तोच उत्तम व्हेंटिलेटर. आत ठेवलेला कूलर तीच हवा पुन्हा पुन्हा ओली करतो. पावसाळ्यात तर त्याने गारवा नावापुरता मिळतो आणि रंध्याच्या पात्यावर गंज मात्र चढतो. भर उन्हात नुसत्या फॅनकडून गारव्याची अपेक्षाही चुकीचीच. २३ मे २०१३ रोजी नागपुरात ४७.९ अंशांची नोंद झाली होती; वायुवीजनाने खोली बाहेरच्यापेक्षा थंड होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ४० अंशांपुढे पंखा शरीर तापवतो. नवतप्यात काम सकाळीच उरकावे, हे बरे.

घातक वायू जमिनीलगतच साचतात, हे अर्धेच खरे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते; ती फरशीवरून पसरते, गाडीखालच्या खड्ड्यात साचते आणि उंचावरच्या फॅनच्या हाती सहसा लागत नाही. इन्व्हर्टरची बॅटरी चार्ज होताना निघणारा हायड्रोजन थेट छताकडे जातो आणि हवेत ४ टक्के झाला तरी पेट घेऊ शकतो. कार्बन मोनॉक्साइड मात्र जवळपास हवेइतकाच जड. त्याला वास नसतो, तो सगळीकडे मिसळतो आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. म्हणूनच शटर उघडे ठेवून आत इंजिन चालवणे सुरक्षित नाही. गाडी बाहेर काढूनच सुरू करावी. पेट्रोल-थिनरच्या वाफेत साध्या मोटरचा फॅन सुरू करणेही धोक्याचे, कारण तिथे एक ठिणगी पुरते.

मास्कने सगळे भागते, हाही भ्रमच. एन-९५ मास्क धूळ अडवतो, थिनरची वाफ अडवत नाही. लाकडाची धूळ आणि वेल्डिंगचा धूर या दोहोंना आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकले आहे, वेल्डिंगच्या धुराला २०१७ मध्ये. असा धूर किंवा धूळ खोलीभर पसरण्याआधी, निघते तिथेच ओढून घेणे सर्वांत परिणामकारक ठरते.

व्यवस्था जमली की नाही, हे तपासायला थिनर, पेट्रोल आणि बॅटरी बाहेर काढून, गॅरेज मोकळे झाल्यावर मागच्या कोपऱ्यात अगरबत्ती लावावी. धूर फॅनकडे ओढला गेला नाही, तर फॅनची किंवा हवा आत येण्याची जागा बदलावी लागेल.