योरुबा गद्यातील जोडशब्द

भाषेची श्रीमंती तिच्या नामांत व क्रियापदांत मोजण्याचा प्रघात आहे. परंतु एका विधानातून दुसरे विधान कसे निष्पन्न झाले, हे वाचकाला कळते ते 'आणि', 'पण', 'म्हणून', 'तरी' अशा लहानशा शब्दांमुळेच. नैर्ऋत्य नायजेरियात आणि शेजारच्या बेनिन व टोगो या देशांच्या काही भागांत बोलल्या जाणाऱ्या योरुबा भाषेत हे जोडशब्द कसे योजले जातात, याचा आता विचार करू.

योरुबा ही सुरांची भाषा आहे. उच्च, मध्यम आणि निम्न असे तीन सूर तिच्यात असून केवळ सूर पालटल्याने शब्द पालटतो. 'आदे लॉ सी ऑजा, ओ सी रा इशु' हे वाक्य पाहावे. 'आदे बाजारात गेला आणि त्याने कंद विकत घेतला' असा त्याचा अर्थ आहे. यात 'सी' दोनदा आला आहे. पहिला उच्च सुरातील असून तो 'कडे' हा अर्थ देतो. दुसरा निम्न सुरातील असून त्याचा अर्थ 'आणि' असा होतो. लेखनात हा भेद अक्षरावरील तिरप्या रेघांनी दाखवितात. काळजीपूर्वक केलेल्या लेखनात ही चिन्हे का गाळू नयेत, हे यावरून सहज ध्यानात येईल.

दुसऱ्या 'सी'चे स्थानही लक्षणीय आहे. 'ओ' म्हणजे 'तो'. आणि 'सी' या कर्त्याच्या नंतर व क्रियापदाच्या आधी आला आहे. संस्कृतातील 'च' ज्याप्रमाणे वाक्यारंभी येत नाही, त्याचप्रमाणे हा 'सी'ही वाक्यखंडाच्या आरंभी येत नाही. दोन नामे जोडावयाची असतील, तर मात्र निराळा शब्द लागतो : 'आता आती इयॉ', म्हणजे मिरची आणि मीठ. नामांना 'आती' आणि वाक्यांना 'सी' अशी ही विभागणी आहे. मराठीतील 'आणि' किंवा इंग्रजीतील तदर्थक शब्द दोन्ही कामे करतो. त्यामुळे परभाषेत विचार करून योरुबा लिहू पाहणारा मनुष्य वाक्येही 'आती'ने जोडू लागतो आणि त्याचे गद्य तत्काळ परके वाटते.

संकेतार्थी वाक्यात हा दुवा दोन ठिकाणी विभागलेला असतो. 'बी ओजो बा रॉ' म्हणजे 'जर पाऊस पडला'. यातील 'बी' आरंभी येतो आणि 'बा' कर्त्यानंतर. 'जरी–तरी' ही आपली जोडी ज्यांच्या परिचयाची आहे, त्यांना पुढील रचना मुळीच अवघड वाटणार नाही : 'बी ओ तिले जे पे' म्हणजे 'जरी', आणि पुढल्या वाक्यखंडाच्या आरंभी 'सीबे' म्हणजे 'तरी'. 'पण' या अर्थाचा 'शुग्बॉं' हा शब्द मात्र मराठीप्रमाणेच वाक्यखंडाच्या आरंभी येतो.

कार्यकारणभाव दाखविण्यास 'नीतोरी' हा एकच शब्द पुरतो. 'नीतोरी पे' म्हटले की पुढे कारण येणार. 'नीतोरी ना' म्हटले की कारण सांगून झाले, आता निष्कर्ष येणार. निबंधात मुद्द्यांचा क्रम लावताना 'लाकॉकॉ' म्हणजे 'प्रथमतः', 'बाकान ना' म्हणजे 'त्याचप्रमाणे' आणि समारोपास 'लाकोतां' असे शब्द योजतात.

याखेरीज एक दुवा सर्वस्वी या समाजाचा आहे. गंभीर भाषणात म्हण उद्धृत करण्यापूर्वी वक्ता 'वडीलधारे आले, ते म्हणाले' अशा अर्थाचे ठरीव शब्द उच्चारतो. आता साक्ष काढली जात आहे, हे श्रोत्यांना त्यावरून कळते. वडीलधाऱ्यांसमोर तरुणाने म्हण वापरली, तर तो क्षमायाचनेचे शब्दही जोडतो. जोडशब्द येथे केवळ वाक्यांना जोडत नाहीत. बोलणाऱ्याचे आणि ऐकणाऱ्याचे नातेही ते सांभाळतात.

योरुबाचे छापील गद्य एकोणिसाव्या शतकात उदयास आले. सॅम्युएल अजायी क्राउथर यांचा शब्दसंग्रह १८४३ साली प्रसिद्ध झाला आणि १८५९ साली अबेओकुटा येथे 'इवे इरोहिन' हे वृत्तपत्र निघाले. तरीही शास्त्रीय विषय शिकवावयाचे तर इंग्रजीवाचून गत्यंतर नाही, हा समज दीर्घकाळ टिकून राहिला. इफे विद्यापीठाने १९७० साली आरंभिलेल्या प्रकल्पात प्राथमिक शिक्षणाची सहाही वर्षे गणित आणि विज्ञान योरुबातून शिकविण्यात आले. इंग्रजी हा केवळ एक विषय होता. ही मुले मागे तर पडली नाहीतच, उलट अनेक विषयांत, अगदी इंग्रजीतही, सरस ठरली.

यात आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. पारिभाषिक शब्द नवे घडविता येतात अथवा उसने घेता येतात. परंतु 'कारण' आणि 'म्हणून' यांमधील वाट मूल शाळेत येण्यापूर्वीच आपल्या भाषेत चाललेले असते. शिक्षणाने ती मोडावी की पुढे न्यावी, एवढाच प्रश्न उरतो.