पंखाखालची पाचर
(लेखमाला : भाग ५)

थ्रॉटल वाढवला की शिकाऊ मॉडेल विमान, म्हणजे ट्रेनर, नाक वर करून चढू लागतं, आणि मैदानावर ठरलेला सल्ला मिळतो : पंखाच्या मागच्या कडेखाली पातळ पाचर घाला, पंखाचा कोन कमी होईल, उचल घटेल. पाचरीचा गुण येतो हे खरं, पण कारण हे नव्हे. आणि कारण चुकलं की पाचर भलत्याच दुखण्यावर लावली जाते. समतल उड्डाणात पंखाला विमान तोलण्याइतकीच उचल द्यायची असते. त्यासाठी समोरून येणाऱ्या हवेशी पंखाने किती कोन करायचा, हे वजन आणि वेग ठरवतात. पंख धडावर कसा बसवलाय, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. बसवणीचा कोन दोन अंश कमी करून विमान त्याच वेगाला पुन्हा ट्रिम केलं, तर पंख आपला जुना कोन धरतो आणि धडच दोन अंश नाक वर करून उडतं. अमेरिकी नौदलाच्या वॉट एफ-८ क्रुसेडरने याचाच फायदा घेतला. १९५५ साली पहिल्यांदा उडालेल्या या विमानाचा अख्खा पंख उतरताना पुढून सात अंश उचलला जाई. कमी वेगात मोठा कोन टळणार नव्हताच. तो धडासकट घेतला असता तर उंच नाकाआड विमानवाहू नौकेचा डेक दिसेनासा झाला असता.

मग पाचरीने बदलतं काय? पंख आणि आडवी शेपटी यांच्या कोनांतला फरक. हा फरक मोठा असेल तर वेग वाढताच नाक उसळतं. मागची पाचर तो कमी करते. एलिव्हेटर किंचित खाली ट्रिम केल्यानेही हेच होतं, मग पंखाला हात कशाला लावायचा, असं कुणी म्हणेल. ट्रिम थोडका असेल तर खरंच लावू नये. पण एलिव्हेटर डोळ्यांना दिसेल इतका कायम वाकलेला राहत असेल, तर त्याचा एका बाजूचा प्रवास फुकट खर्ची पडतो. अडचणीचा प्रश्न वेगळाच आहे. विमान नाकाला जड असेल, तर ते सावरायला हा मोठा फरक लागतोच. अशा विमानाला नुसती पाचर घातली की ते आधीपेक्षा जास्त वेगाला स्थिरावतं, आणि नवशिक्याच्या हातात आणखी अवघड होतं. म्हणून आधी गुरुत्वमध्य पाहावा. बहुतेक ट्रेनरमध्ये तो पुढच्या कडेपासून पंखाच्या रुंदीच्या २५ ते ३३ टक्क्यांवर असतो. मग पुरेशा उंचीवर थ्रॉटल बंद करून विमान उतरत्या सुरात सोडावं आणि काठी मोकळी करावी. ते झटकन वर उसळलं, तर नाक जड आहे आणि कोनांतला फरकही मोठा. बॅटरी थोडी मागे सरकवून मगच पाचरीचा विचार करावा. पंखाची रुंदी २५० मिलिमीटर असेल तर एक अंश म्हणजे साधारण ४.४ मिलिमीटर, म्हणजे एक मिलिमीटरची प्लायची पट्टी पाव अंशही देत नाही. रबरबँडने बांधलेल्या पंखाला अशी एकेक पट्टी वाढवून पाहणं सोपं जातं.

बंद थ्रॉटलला विमान सरळ उतरत राहिलं, आणि थ्रॉटल देताच वेग यायच्या आतच नाक उचललं, तर दोष पंखात नसून मोटरच्या रोखात आहे. तिथे मागची पाचर उलटच करते : पंखाच्या मानाने मोटरचा रोख आणखी वर जातो. त्यावर उपाय मोटर माउंटच्या वरच्या स्क्रूंखालच्या वॉशरचा. त्याचा हिशेब पुढच्या भागात.