सुरगाठीपर्यंतचा प्रवास

तिरळेपणाच्या शस्त्रक्रियेचा आरंभ २६ ऑक्टोबर १८३९ या दिवसापासून धरतात. त्या दिवशी बर्लिनमध्ये योहान डीफेनबाख यांनी सात वर्षांच्या मुलाच्या डोळ्याचा नाकाकडचा स्नायू कापला आणि आत वळलेला डोळा सरळ केला. लगेच युरोपभर अशा शस्त्रक्रियांचं पेव फुटलं. पण कापलेला स्नायू मागे जाऊन कुठे चिकटेल, हे कुणाच्याच हातात नव्हतं. आत वळणारा डोळा पुढे बाहेर वळू लागला, काहींचा खोबणीतून पुढे आला आणि पद्धत बदनाम झाली. त्या काळी भूल नव्हती, निर्जंतुकीकरण नव्हतं, मग दोष पद्धतीला का द्यायचा, असं कुणी म्हणेल. पण भूल देऊनही डोळा उलटा वळलाच असता, कारण स्नायूला टाकाच नव्हता. फॉन ग्रेफे यांनी १८५० च्या दशकात स्नायू त्याच्या चिकटण्याच्या जागीच सोडवायला सुरुवात केली, त्याने हानी कमी झाली. खरं वळण १९२२ सालचं. त्या वर्षी जेम्सन यांनी सोडवलेला स्नायू मोजून मागे नेला आणि श्वेतपटलाला शिवला. तेव्हापासूनची प्रगती मला कापण्याच्या कौशल्यापेक्षा स्नायू हातचा जाऊ न देण्यात दिसते.

टाक्याने नवा धोका आणला, हा आक्षेप खरा आहे. सरळ स्नायूंच्या चिकटण्याच्या जागेमागे श्वेतपटल जेमतेम ०.३ मिमी जाड असतं; सुई जरा खोल गेली की आरपार. तसा संशय आला तर बाहुली मोठी करून पडदा तपासतात. बहुतेकदा काही बिघडत नाही, क्वचित पडदा सुटतो किंवा आत जंतुसंसर्ग होतो. याउलट स्नायूच निसटला, तर डोळा त्या दिशेला वळतच नाही. त्यात नाकाकडचा स्नायू सर्वांत वाईट. बाकीच्या तीन सरळ स्नायूंना तिरक्या स्नायूंशी असलेल्या जोडण्या धरून ठेवतात, याला तसा आधार नाही. तो शोधताना खोबणीतल्या चरबीत चिमटे खुपसायचे नसतात. चरबी उघडी पडली की व्रण धरतो आणि डोळा जखडतो. भोवतालच्या आवरणाच्या कडेकडेने, थोडं थोडं पकडत मागे जायचं. हाती आलेला पदार्थ ओढताच नाडी मंदावली, तर तो स्नायू असण्याची शक्यता वाढते. एरवी भूलतज्ज्ञाला धास्ती वाटायला लावणारा हा प्रतिक्षेप इथे चक्क मदतीला येतो!

१९७० च्या दशकात जॅम्पोल्स्की यांनी रूढ केलेला, मागाहून जुळवता येणारा टाका याच वाटेवरचा. रुग्ण शुद्धीवर आल्यावर सुरगाठ सोडून स्नायू पुढेमागे करता येतो. लहान मुलं हे सहसा करू देत नाहीत आणि त्याने फेरशस्त्रक्रिया खात्रीने घटतात, असं ठाम सिद्धही झालेलं नाही. तरी वारंवार शस्त्रक्रिया झालेल्या प्रौढ डोळ्यात मोजमापाचे तक्ते तोकडे पडतात; तिथे मी सुरगाठीच्याच बाजूने कौल देईन.